पिस्तूल नसलेले काका

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावात मी दोन वर्षं ज्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिले, त्या काकांकडे पिस्तूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावातल्या बाकीच्या मराठी मंडळींची खात्री होती की आहे. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. काकांकडे पिस्तूल ठेवायची पोलादी तिजोरी होती. कानांवर लावायचे मफ होते, पिवळ्या काचांचा चष्मा होता, नळी साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश होता आणि त्या ब्रशला कधी काजळीचा कणही लागलेला नव्हता. जेवणाच्या टेबलामागे ऑस्ट्रेलियाचा मोठा नकाशा होता. त्यात प्रत्येक राज्य वेगळ्या रंगाच्या पेन्सिलने भरलेलं, आणि समुद्राच्या मोकळ्या जागेत, मुंगीएवढ्या अक्षरात, त्या त्या राज्यातले हँडगनचे नियम.

मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्या दिवशी बॅगा घेऊन दारात उभी राहिले तर काकांनी हातात घराच्या कराराच्या दोन प्रती ठेवल्या. एक नेहमीची इंग्रजी, दुसरी त्यांनी स्वतः केलेलं मराठी भाषांतर.

"वाचून सही करा, डॉक्टर."

"काका, मला इंग्रजी येतं की."

"येत असेल. पण भांडण झालं तर आपण मराठीतच भांडू ना?"

मी 'काका' म्हटल्यावर त्यांनी "कोणत्या नात्याने?" असंही विचारलं होतं. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला आत तर येऊ द्या, उन्हात काऊन उभी करून ठेवली?" मग नात्याचा प्रश्न तहकूब झाला आणि मी आत गेले.

काका मूळचे नागपूरचे. खाणीच्या लॅबमध्ये दगडाच्या भुकटीत सोनं किती आहे ते तपासायचे. दिवसभर मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात वावरणारा माणूस घरी येऊनही तसाच राहायचा. चहाला साखर दीड चमचा म्हणजे दीड. कोणी काही सांगितलं, ऑफिसमधल्या साहेबाने, बँकेतल्या बाईने, अगदी माझ्यासारख्या डॉक्टरने, तरी त्यांचा एकच प्रश्न असे : "कुठं लिहून आहे?" हा प्रश्न ते भांडखोरपणे विचारत नसत. खरोखर बघायचं असे त्यांना. मी म्हटलं, काका, बीपी आहे, लोणचं कमी खा. "कुठं लिहून आहे?" मी मोबाइलवर गाइडलाइन काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि त्या दिवसापासून लोणच्याची बरणी काकूंच्या बाजूला सरकवली, ती कायमची.

पिस्तुलाचं प्रकरण मला पहिल्यांदा कळलं ते असं. पुण्याहून आलेला एक इंजिनियर जेवायला आला होता. तो नकाशा बघून म्हणाला, "काका, बरंय, घरात असलं की सेफ वाटतं. चोरबिर आला तर?"

काकांनी हातातला घास खाली ठेवला. "चोरासाठी पाहिजे असं फॉर्मवर लिहिलं की अर्ज तिथंच संपला. या देशात स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तूल मिळत नाही. कोणत्याच राज्यात नाही. आपल्याला नेमबाजीच्या खेळासाठी पाहिजे."

"ते फॉर्मवर झालं हो. पण खरंच आला तर?"

"तर पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. दोन्ही उघडेस्तोवर चोराला बसवावं लागेल. ही चहा करेल तेवढ्यात."

काकू म्हणाल्या, "मी काही चोराला चहा करणार नाही."

मग काकांनी त्या बिचाऱ्याला सगळी शिडी समजावून सांगितली. आधी क्लबचं सभासद व्हायचं. मग कित्येक महिने क्लबच्याच पिस्तुलाने, कुणीतरी शेजारी उभं असताना नेम मारायचा. मग परीक्षा. मग घरात तिजोरी, भिंतीला बोल्ट मारून. मग पोलीस येऊन बघणार. मग क्लबचं पत्र, की हा माणूस ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या इतक्या स्पर्धांना हजर होता. मग परवाना. "आणि दुकान सगळ्यात शेवटी," काका समाधानाने म्हणाले. "बाकी सगळ्या गोष्टींत आधी दुकान असते, अक्कल मागून येते." शिवाय हे सगळं एका राज्यापुरतं. उद्या डार्विनला बदली झाली की तिथला कायदा वेगळा, तिथले कागद वेगळे. इंजिनियरने नकाशाकडे पाहिलं आणि भात मागितला.

घराला विटांची भिंत एकच होती. कालगुर्लीतली जुनी घरं लाकडाची आणि पत्र्याची. विटा फक्त पुढच्या खोलीतल्या शेकोटीच्या धुराड्याला. शेकोटी कुणी पेटवत नसे. तिच्यावरच्या फळीवर काकूंची बुद्धमूर्ती होती. त्या रोज सकाळी तिथे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणत. आणि बोल्ट फक्त विटेतच नीट बसतात, म्हणून तिजोरी बसली ती बरोबर मूर्तीच्या खाली, शेकोटीच्या खोबणीत. काकूंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तिजोरीवर पांढरं कापड घातलं आणि वर मोगऱ्याची कुंडी ठेवली. काकांनी कुंडी उचलली, पुन्हा ठेवली, आणि कायद्यात कुंडीला मनाई नाही असं जाहीर केलं.

तिजोरी अर्थातच रिकामी. पण काका रोज संध्याकाळी सव्वासहाला ती उघडत, आत बघत, बंद करत आणि हँडल तीनदा ओढून पाहत. किल्ली कुठे असते ते फक्त त्यांना माहीत. आत त्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद ठेवला होता : 'या तिजोरीत सध्या शस्त्र नाही.' इंग्रजीत आणि मराठीत.

कोविड आला आणि गावातल्या दुकानांतून टॉयलेट पेपर एका आठवड्यात नाहीसा झाला. लॅबमधल्या कुणाच्या तरी मेहरबानीने काकूंना बारा रोलचा एक गठ्ठा मिळाला. घरात ठेवायला जागा नव्हती. काकू म्हणाल्या, तिजोरीत ठेवा.

"तिजोरी शस्त्रासाठी आहे."

"शस्त्र आहे कुठं?"

"नाही. म्हणून ती रिकामी आहे."

"मग रिकाम्यात काही ठेवता येत नाही काय?"

काका आत जाऊन कायद्याची प्रिंट घेऊन आले आणि उभ्या उभ्या पंधरा मिनिटं वाचत राहिले. रोल माझ्या पलंगाखाली ठेवले गेले.

दीड मीटरचं अंतर ठेवा असं सरकारने सांगितलं तेव्हा काकांनी लाकडाची एक काठी बरोबर पंधराशे मिलिमीटर कापली, लॅबमध्ये नेऊन पुन्हा मोजली आणि ती घेऊन फिरू लागले. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीशी ती टेकवून उभे राहत. लोक वळून बघत. काका म्हणत, "गुड मॉर्निंग. वन पॉइंट फाइव्ह."

पुढे दिवाळीत आम्ही चार घरच्या मंडळींनी मागच्या अंगणात छोटंसं नाटुकलं केलं होतं. त्यात बँक लुटायचा प्रसंग होता आणि चोराच्या हातात एका मुलाचं खेळण्यातलं काळं पिस्तूल. काकांनी तालीम थांबवली. काही राज्यांत खऱ्यासारखं दिसणारं खेळणंसुद्धा परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आपल्याकडे नक्की काय ते विचारून घेऊ म्हणाले, आणि सरळ पोलीस स्टेशनला फोन लावला. स्पीकरवर.

"मेट, ते खेळणं आहे का?" पलीकडचा पोलीस.

"तेच तर मी तुम्हाला विचारून राहिलो," काका इंग्रजीत म्हणाले.

मग पोलीस म्हणाला, त्यापेक्षा दुसरं काहीतरी वापरा ना. शेवटी चोराने लाटण्याच्या धाकावर बँक लुटली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "दॅट्स ममाज!" आणि बँक मॅनेजर हसता हसता खुर्चीवरून पडला.

पण हे पुढचं झालं. तिजोरी तपासायला पोलीस आली ती त्याआधी, मार्चच्या शेवटी, सगळं बंद होण्याच्या आठवड्यात. ब्रूक नावाची कॉन्स्टेबल, पंचविशीची, नाक उन्हाने सोललेलं. काकांनी फुल शर्ट घातला होता. तिने तिजोरी हलवून पाहिली, हलली नाही. बोल्ट पाहिले. काकांनी किल्ली आणण्याआधी आम्हा सगळ्यांना तोंड भिंतीकडे करून उभं केलं, कॉन्स्टेबललासुद्धा. ती बिचारी उभी राहिली. मग तिजोरी उघडली. तिने आत डोकावून तो कागद वाचला, वर बुद्धाकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं.

"नाइस," ती म्हणाली.

मग म्हणाली, मला मिसेसशी एकटीशी बोलायचंय. काकूंचं इंग्रजी बेताचं, म्हणून मधे मी. आम्ही तिघी अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसलो. काकांनी जाता जाता काकू आणि कॉन्स्टेबल यांच्या मधे ती दीड मीटरची काठी जमिनीवर ठेवली.

"तुमची घरात भांडणं होतात का?"

मी विचारलं. "रोज," काकू म्हणाल्या.

कॉन्स्टेबलचं पेन थांबलं. "कशावरून?"

"काय सांगू बाई. चहाचा कप जिथं पितात तिथंच ठेवतात. घोरतात. अंघोळीचं पाणी मोजून घेतात आणि मलाही मोजून देतात. लिहून घे म्हणावं तिला."

मी भाषांतर केलं. ती लिहून घेत होती.

"ते चिडतात तेव्हा काय करतात?"

"चिठ्ठी लिहितात. फ्रिजवर लावतात. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन."

"त्यांनी तुम्हाला कधी धमकी दिली आहे?"

काकू म्हणाल्या, "हो. एकदा दिली."

हॉस्पिटलमध्ये हा प्रश्न मी स्वतः किती बायकांना विचारला होता, आणि त्या 'हो'नंतर काय येतं ते मला माहीत होतं. "काय म्हणाले, काकू?"

"म्हणाले, हा फ्रिजवरचा कागद काढलास तर मी दुसरा लावीन."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कॉन्स्टेबलने हसू लपवायला खाली मान घातली. मग शेवटचा प्रश्न विचारला. घरात हँडगन आलेली तुम्हाला चालेल का?

"नाही," काकू म्हणाल्या.

खिडकीचा पडदा हलला. काका आत होते. त्यांना शब्द ऐकू जात नसणार, पण मला ते 'नाही' भाषांतरित करवेना.

"थांब, डॉक्टर, मला पुरं बोलू दे. मग सांग तिला. मी रोज त्या खोलीत जीवहत्या करणार नाही म्हणून म्हणते, आणि खाली पिस्तूल. मला कसं चालेल? मला नाही चालणार." काकूंनी पदर सारखा केला. "पण तिला हेही सांग. कॉलेजात असताना हे एनसीसीत होते. रायफलीचा नेम असा, की साहेब दुसऱ्यांना दाखवायला बोलवत. मग शहरातल्या एका मोठ्या शूटिंग क्लबात अर्ज केला. सेक्रेटरीने व्हरांड्यात बसवून चहा दिला. अर्जावरचा पत्ता वाचला, आमच्या वस्तीचा. सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, जागा नाही. पुढच्या महिन्यात ह्यांच्याच वर्गातल्या दोघांना जागा झाली. हे परत गेले आणि विचारलं, मला घ्यायचं नाही असं कुठं लिहून आहे? तर ते म्हणाले, अरे, असं काही लिहिलेलं नसते."

कॉन्स्टेबल माझ्याकडे बघत होती. मी तिला हातानेच थांबायला सांगितलं.

"इथल्या क्लबच्या दारावर नियम लावले आहेत. कोणाला घेणार, कसं घेणार. हे ते वाचून घरी आले त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते हसत बसले. तर तिला सांग, की मला पिस्तूल नको आहे. पण ह्यांना नाही म्हणू नका. माझं एकटीचं 'नाही' आहे, तेवढं पुरे."

मी सगळं सांगितलं. मला जमेल तसं. वस्ती आणि पत्ता ह्यांचा अर्थ तिला कितपत पोचला कोण जाणे. तिने काय लिहिलं ते मी तिरक्या नजरेने वाचलं. 'बायकोला आवडत नाही. पाठिंबा आहे.'

सगळं झालं होतं. परीक्षा, तिजोरी, पोलीस. उरलं होतं फक्त क्लबचं पत्र, आणि त्या पत्रासाठी तीन स्पर्धा. त्याच आठवड्यात क्लबला टाळं लागलं. मुदत होती जूनच्या मध्यापर्यंत. ती चुकली तर सगळं पहिल्या पायरीपासून, आणि काका एकसष्ट वर्षांचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, ते मला माहीत होतं, त्यांनाही होतं.

मे अखेरीस निर्बंध थोडे सैल झाले. क्लबचा सेक्रेटरी नेव्हिल, ऐंशीला टेकलेला, आयुष्य खाणीत गेलेला माणूस. त्याने काकांना फोन केला. "नो वरीज, मेट. तुझ्या हजेरीच्या वहीत तीन खुणा मी करून टाकतो. तुझी काय चूक? मी सगळ्यांनाच देतोय."

"कुठं लिहून आहे?" काकांनी विचारलं.

"लिहून? मी सांगतोय ना!"

"जी स्पर्धा झाली नाही तिला मी हजर होतो असं मी लिहू देणार नाही."

नेव्हिलने फोन आदळला. काकांनी ताट बाजूला सारलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "काका, तो तुमच्या भल्याचं बोलतोय. सगळ्यांना देतोय. घ्या की!"

"चांगला माणूस आहे नेव्हिल. मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण ही मेहरबानी झाली. मेहरबानी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, डॉक्टर. आज त्याला मी आवडतो. उद्या त्याच्या जागी दुसरा येईल, त्याला मी नाही आवडलो तर? मला जे पाहिजे ते मला माझं म्हणून पाहिजे."

काकूंनी त्यांच्यापुढे ताट पुन्हा सरकवलं, आणि ह्या वेळी लोणच्याची एक फोडही वाढली. काकांनी ती खाल्ली, त्यावरून कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मग त्यांनी नेव्हिलला पत्र लिहिलं. मुद्दा एक ते मुद्दा नऊ. दोन दिवसांनी नेव्हिलची धुळीने लाल झालेली यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, दारात थांबली. तो आत आला, क्लबची नियमावली टेबलावर आपटली आणि नकाशासमोर उभा राहून काकांवर ओरडला, "पान अकरा! स्पर्धा भरवायला कमीत कमी तीन स्पर्धक आणि एक रेंज ऑफिसर. ह्या लाँग वीकएंडला, शनिवार, रविवार, सोमवार, सकाळी आठ. मी पाच म्हातारे जमवलेत. त्यांतल्या एकाची कंबर गेलीय आणि एक जण माझ्याशी चार वर्षं बोलत नाही. आता तू एक मिनिट जरी उशिरा आलास, तर मी तुलाच गोळी घालीन."

काका म्हणाले, "ज्याच्याकडे परवाना आहे, त्याने अशी धमकी द्यायची नसते."

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यासाठी चहा ठेवायला उठले.

शनिवारी आणि रविवारी माझी शिफ्ट होती. सोमवारी मी त्यांना गाडीने घेऊन गेले, काकू मागे थर्मास धरून. जूनमधली सकाळ, लाल मातीवर पांढरं दव गोठलेलं, बोटं वाकत नव्हती. सहा माणसं कानटोप्या घालून अंतर राखून ओळीत उभी. नेव्हिल रेंज ऑफिसर, म्हणजे गोळीबारावर देखरेख करणारा, होता आणि नियमावलीतलं प्रत्येक वाक्य मुद्दाम मोठ्याने वाचत होता. बाकीच्या पाचांनी क्लबची पिस्तुलं भराभर चालवली आणि हात चोळत बसले. काका पिस्तूल वर नेत, रोखत, आणि पुन्हा खाली आणत. पुन्हा वर, पुन्हा खाली. दिलेला वेळ शेवटच्या सेकंदापर्यंत त्यांनी वापरला. काकूंनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

नेव्हिलशी न बोलणाऱ्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "हा नेहमी असाच?"

"हो," मी म्हटलं.

"गुड ऑन हिम," तो म्हणाला आणि नाक पुसलं.

लक्ष्यांचे कागद आणले गेले. काकांच्या कागदावर भोकं होती, पण मधल्या काळ्या वर्तुळाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. नेव्हिलने दोनदा बेरीज केली, कागदावर सहा नावं लिहिली, काकांचं आडनाव त्यांना स्पेलिंग विचारून, आणि तो कागद क्लबच्या फळ्यावर चार पिना मारून लावला.

काका फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मग खिशातून फोन काढून नागपूरला थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे लॉकडाऊन होतं, सकाळचे सात. त्यांचे दादा बनियनवर, तोंडात दात घासायचा ब्रश.

"दादा, जय भीम. स्पर्धा झाली."

"जय भीम. काय झालं मग? कितवा आला?"

"सहावा."

दादांनी ब्रश काढला. "किती जणांत?"

"सहा."

मग दादांनी फोन जवळ घेतला, इतका की नुसता एक डोळा आणि पांढरी भुवई दिसायला लागली.

"बोर्डावर नाव लावलं काय तुझं?"

काकांनी फोन फळ्याकडे वळवला आणि सहाव्या नावाखाली बोट धरून ठेवलं.